पीठ कालवलेलं पाणी

श्रावणातल्या एका सोमवारी खालच्या मजल्यावरची सून ऑफिसला निघता निघता माझ्या दाराशी थांबली. तिच्या हातात कॉफीत घालायच्या पांढऱ्या पावडरीच्या चार-पाच पुड्या होत्या. "काकू, तुम्ही लॅबमध्ये होतात ना? ही पावडर उपासाला चालते का हो? यात दूध नाहीच म्हणतात. मला दूध पचत नाही, आणि काळी कॉफी घशाखाली उतरत नाही."

मी नोकरीची सगळी वर्षं खाद्यपदार्थांच्या तपासणीत काढली. दूध, दुधाची पावडर, तूप, मशीनच्या चहा-कॉफीची मिश्रणं, हेच माझ्या टेबलावर यायचं. त्यामुळे तिच्या प्रश्नाचा अर्धा भाग मला पुडीवरची बारीक अक्षरं वाचूनच सोडवता आला. उरलेला अर्धा मात्र माझ्याजवळच राहिला.

आधी सोपा भाग. अशा 'बिगरदुधी' क्रीमरमध्ये सगळ्यात जास्त असतो ग्लुकोज सिरपचा कोरडा भाग, आणि तो बहुधा मक्याच्या स्टार्चपासून काढलेला असतो. त्याच्या खालोखाल पामच्या बियांचं किंवा नारळाचं घट्ट केलेलं तेल. मग थोडं सोडियम केसिनेट, थोडं फॉस्फेट, आणि पावडरीच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून चिमूटभर काहीतरी. यातलं केसिनेट दुधातल्याच प्रथिनापासून करतात. ते तेलाच्या कणांना एकमेकांपासून सुटं ठेवतं. कॉफी आंबट असते, तिच्यात केसीन फाटू नये म्हणून फॉस्फेट. म्हणजे उपासाच्या हिशेबानं पाहिलं तर ज्याला बिनदुधाचं म्हणतात त्यात दुधाचा अंश आहे, आणि ज्यात धान्याची शंकाही येत नाही त्याचा मोठा भाग मक्यातून आला आहे. आपल्याकडे उपासाला दूध चालतं, मका चालत नाही. तिनं नेमकं उलटं धरलं होतं, आणि त्यात तिची काही चूक नव्हती.

हेही तिला सांगितलं की दूध पांढरं दिसतं ते त्यात पांढरा रंग असतो म्हणून नाही. स्निग्धांशाचे आणि केसीनचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात आणि ते सगळ्या रंगांचा प्रकाश सारखा विखुरतात. क्रीमर बनवणाऱ्यांनी तेलाचे तसेच बारीक कण करून तोच प्रकाश तसाच विखुरायला लावला. अमेरिकेत कार्नेशन कंपनीनं १९६१ साली कॉफी-मेट बाजारात आणलं, तेव्हापासून ही विद्या घरोघर पोचली. डोळ्यांना दोन कपांत फरक दिसत नाही, कारण डोळ्यांपुरता तो नसतोच.

ती गेली. मला मात्र दिवसभर महाभारतातली दोन मुलं आठवत राहिली.

पहिला अश्वत्थामा. आदिपर्वात द्रोण भीष्मांना आपली हकीकत सांगतात, त्यात तो प्रसंग येतो. श्रीमंतांची मुलं दूध पिताना पाहून लहानगा अश्वत्थामा रडू लागला. द्रोण गाय मिळवायला बाहेर पडले, खूप हिंडले, पण धर्माला धरून मिळेल अशी गाय त्यांना मिळाली नाही. परत येऊन पाहतात तो सवंगड्यांनी पाण्यात पीठ कालवून पोराला प्यायला दिलेलं, आणि पोर नाचतंय: मी दूध प्यायलो, मी दूध प्यायलो! भोवतालची मुलं हसताहेत. द्रोणांना ते सोसवलं नाही. ते बालमित्र द्रुपदाकडे गेले, तिथे त्यांचा अपमान झाला, आणि पुढचं सगळं आपल्याला माहीत आहे: हस्तिनापूर, गुरुदक्षिणा, अर्धा पांचाल, द्रुपदाचा यज्ञ, द्रौपदी आणि धृष्टद्युम्न. एवढ्या मोठ्या युद्धाच्या मुळांपैकी एक मूळ त्या वाटीत आहे.

दुसरा उपमन्यू. ही गोष्ट अनुशासनपर्वात आहे, आणि ती स्वतः उपमन्यूच हिमालयातल्या आपल्या आश्रमात कृष्णाला सांगतो. तोही लहान, तोही गरीब ऋषीच्या घरचा. दूध हवं म्हणून आईकडे हट्ट धरला. आईनं पीठ पाण्यात कालवून दिलं. पण या मुलानं एकदा वडिलांबरोबर यज्ञाला गेलेला असताना खरं दूध चाखलेलं होतं. तो म्हणाला, आई, हे दूध नाही. आईचे डोळे भरले. तिनं त्याला जवळ घेतलं, मस्तकाचं अवघ्राण केलं आणि खरं ते सांगितलं: बाळा, वनात कंदमुळं खाऊन राहणाऱ्यांच्या घरी दूध कुठलं? ते हवं असेल तर शंकराला शरण जा. मुलगा तपाला बसला. शंकर आधी इंद्राचं रूप घेऊन परीक्षा पाहायला आला, तेव्हा हा म्हणाला, मला शिवाकडूनच हवं. अखेर त्याला क्षीरसागर मिळाला.

दोन्ही वाट्यांत एकच द्रव आहे. माझ्या टेबलावर आल्या असत्या तर आयोडीनच्या थेंबानं दोन्ही सारख्याच निळ्या झाल्या असत्या. दुधात पीठ किंवा स्टार्च आहे का हे आम्ही तसंच बघत असू. तरी एका वाटीतून सूड निघाला आणि दुसरीतून भक्ती. गरिबी दोघांची सारखी, वय सारखं, पीठही सारखंच. फरक मला एकाच जागी दिसतो. अश्वत्थाम्याला कुणी सांगितलं नाही. त्याचं न कळणं ही बाकीच्यांची करमणूक होती. उपमन्यूच्या आईनंही आधी पीठच दिलं, पण मुलानं विचारल्यावर तिनं पुन्हा खोटं रचलं नाही. म्हणून मला वाटतं, खऱ्याच्या जागी दुसरं काही ठेवण्यात पाप नाही. ठेवलं आहे हे लपवण्यात आहे.

हे माझं एकटीचं मत असतं तर मी ते लिहिलं नसतं. आपल्या शास्त्रानं या प्रश्नावर फार बारकाईनं विचार केला आहे. पूर्वमीमांसेत जैमिनींनी सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात प्रतिनिधी द्रव्याचा खल केला आहे. यज्ञाला व्रीही, म्हणजे भात, सांगितला आहे; तो मिळाला नाही तर काय करायचं? नित्यकर्म थांबवायचं नाही. भाताच्या जवळचा, त्याच्यासारखा नीवार, म्हणजे रानात आपोआप उगवणारा देवभात, घ्यायचा. पण याला मर्यादा आहेत. देवतेला प्रतिनिधी नाही. अग्नीला नाही, मंत्राला नाही, क्रियेला नाही. आणि जे द्रव्य यज्ञाला निषिद्धच आहे ते कितीही सारखं दिसलं तरी प्रतिनिधी म्हणून घेता येत नाही. दिसण्यातल्या साम्यावर सगळं सोपवलेलं नाही, हे महत्त्वाचं. महामहोपाध्याय पां. वा. काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या वाटेनं मी या चर्चेपर्यंत पोचले, तेव्हा आमच्या प्रयोगशाळेतल्या वह्याच वाचते आहे असं वाटलं होतं. तेच प्रश्न: किती जवळचं, कशात जवळचं, आणि मूळ वस्तू खरोखर मिळत नव्हती का?

घरच्या पूजेत हे रोज घडतं. देवाला वाहायला वस्त्र नसलं, अलंकार नसला, तर गुरुजी अक्षता वाहायला सांगतात, आणि या अक्षता वस्त्राच्या जागी आहेत, या अलंकाराच्या जागी आहेत, असं मंत्रातच मोठ्यानं म्हणतात. देवासमोर उणीव झाकत नाहीत. चार तांदळाचे दाणे रेशमी वस्त्र म्हणून खपवत नाहीत. लहानपणापासून ऐकलेल्या या मंत्रात केवढा प्रामाणिकपणा आहे हे मला नोकरी लागल्यावर कळलं, कारण तिथे मी रोज त्याच्या उलट बघत होते.

मराठी बोलणाऱ्या आणखी एका समाजानं ही गोष्ट वेगळ्या बाजूनं सांभाळली आहे. आपले बेने इस्राएल ज्यू. अलिबाग-पेणच्या बाजूनं ते ठाण्या-मुंबईकडे आले; ठाण्याचं सिनेगॉग १८७९ सालचं आहे. त्यांच्या धर्मात मांस आणि दूध एकत्र चालत नाही. मग कोकणातल्या या लोकांनी काय केलं? नारळाचं दूध वापरलं. मटणाच्या रश्श्यातही तेच, आणि नववर्षाला करतात त्या गव्हाच्या चिकाच्या हलव्यातही तेच. कोकणात राहून यापेक्षा सरळ उपाय कुठला असणार? पण ज्यू धर्मशास्त्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट दूरच्या पोलंडची आहे. सोळाव्या शतकात क्राकूवचे रब्बी मोशे इसर्लिस यांनी बदामाच्या दुधात शिजवलेल्या मांसाबद्दल लिहिताना सांगितलं की ताटाजवळ थोडे बदाम ठेवावेत. खाणारा दोषी नाहीच, पण बघणाऱ्याला हे खरं दूध वाटू नये, त्याच्या मनात गोंधळ होऊ नये, म्हणून. आज त्यांचे धर्माधिकारी पाकिटं तपासतात तेव्हा केसिनेट असलेल्या 'बिगरदुधी' क्रीमरवर दुधाचीच खूण करायला लावतात. एका कपातल्या थोड्याशा प्रथिनासाठी एवढी दक्षता! मला ती अतिरेकी वाटत नाही. कपात काय आहे हे समोरच्याला कळलं पाहिजे, यासाठी एका परंपरेनं शतकानुशतकं श्रम घेतले आहेत.

कुणी म्हणेल, आम्हा मुंबईकडच्या लोकांना शुद्ध दुधाच्या गप्पा कशाला हव्यात. खरं आहे. १९४६ साली मुंबईत दारा खुरोडी यांनी टोन्ड दूध आणलं. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि बिनसायीच्या दुधाची पावडर मिसळायची, म्हणजे तेवढंच दूध जास्त घरांना पुरतं आणि स्वस्त पडतं. पुढे आरे कॉलनी झाली, १९५५ साली आणंदला म्हशीच्या दुधाची पावडर निघू लागली, १९७० पासूनच्या दूध महापुरात युरोपातून आलेली पावडर आपल्या शहरांच्या दुधात मिसळली गेली. आमच्या पिढीची हाडं या मिश्रणावर पोसली आहेत. पण टोन्ड दुधाच्या बाटलीवर, पिशवीवर ते टोन्ड आहे असं लिहिलेलं होतं. ते उपमन्यूच्या आईच्या बाजूचं होतं. आणि माझ्या टेबलावर येणारे काही नमुने दुसऱ्या बाजूचे असायचे: पाणी घातल्याचं लॅक्टोमीटरला कळू नये म्हणून साखर, प्रथिन जास्त दिसावं म्हणून युरिया, दाटपणा यावा म्हणून स्टार्च. तो नमुना देणाऱ्याला ठाऊक असायचं की हे कुणाच्या तरी बाळाच्या बाटलीत जाणार आहे. मला अजून त्याचा राग आहे.

देवाच्या दारातही हा प्रश्न गेलाच. उज्जैनच्या महाकाळेश्वराच्या लिंगाची झीज होते म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. अभिषेकाच्या पाण्यावर आणि पंचामृतावर बंधनं आली, आणि २०२० च्या निकालात शुद्ध दूध मंदिरानंच पुरवावं अशी गोष्ट आली. देवावर भेसळीचं दूध पडू नये म्हणून न्यायालयाला बोलावं लागलं.

इथे आमच्याकडच्या पुष्कळ बायका म्हणतात, काकू, देव भावाचा भुकेला. एवढं कशाला बघायचं? त्यांच्या भावाविषयी मला शंका नाही. आमचं अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं. शिलाहार राजा मामवाणीच्या काळात ते पुरं झालं. वालधुनीच्या काठचा तो काळा दगड, मंडपातून खाली गाभाऱ्यात उतरणाऱ्या पायऱ्या, खालचा ओलसर थंडावा. रांगेतली बाई त्या पायऱ्या उतरून लिंगावर दूध घालते तेव्हा तिच्या मनात कसली भेसळ नसते. पिशवीत काय होतं हे तिला ठाऊक नसेल तर तिचं अर्पण पूर्ण आहे, असं मी मानते. पण भाव तिचा आहे. तिच्या भावाच्या आड दूध विकणारा लपू शकत नाही. आणि ज्याला ठाऊक झालं आहे त्याचं काय? अश्वत्थाम्याचा आनंद खोटा होता का, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आनंद खरा होता. त्याचे नाचणारे पाय खरे होते. खोटं होतं ते दूध, आणि भोवतालचं हसू. पण एकदा कळल्यावर तोच आनंद त्याच वाटीतून पुन्हा घेता येत नाही. जाणण्याची ही किंमत आहे, आणि ती द्यावी असंच मला वाटतं, कारण न जाणता सुखी असलेल्या माणसाभोवती कुणीतरी हसणारा उभा असतो.

आता जे लिहायचं आहे ते मला जड जातं. इतकी वर्षं माझं सगळं लक्ष दुधात काय घातलं यावर होतं. दूध कसं काढलं हे मी पाहत नव्हते. मग एकदा नमुने आणायला कल्याण-उल्हासनगर पट्ट्यातल्या एका तबेल्यात गेले. म्हैस उभी होती आणि तिच्यासमोर रेडकू होतं. जवळ गेले तर ते हलेना. मेलेल्या रेडकाचं कातडं, आत पेंढा भरलेला. म्हैस ते चाटत होती. चाटता चाटता तिला पान्हा फुटत होता, आणि माणूस खाली बसून धार काढत होता. शहरातल्या तबेल्यात नर रेडकाला कुणी वाढवत नाही. ते पिईल तेवढं दूध विकायचं कमी होतं. दूध अस्सल होतं. मी त्याची तपासणी केली असती तर स्निग्धांश, घनांश, सगळं नियमात बसलं असतं. आयोडीन निळं झालं नसतं. आणि तरी त्या दुधाच्या मुळाशी तीच पिठाची वाटी होती. या वेळी फसलेली आई होती.

आदिपर्वात आणखी एक उपमन्यू आहे, धौम्य ऋषींचा शिष्य. गुरूंच्या गाई राखतो. गुरूंनी भिक्षा घेऊ नको म्हटलं, गाईचं दूध पिऊ नको म्हटलं, म्हणून तो वासरं आचळाला पिताना त्यांच्या तोंडातून गळणारा फेस पिऊन राहू लागला. गुरूंनी तेही थांबवलं. कारण काय सांगितलं? ही गुणी वासरं तुझ्यावर दया करून जास्त फेस टाकत असतील, म्हणजे तू त्यांच्या पोटावर येतोस. मग त्यानं रुईची पानं खाल्ली, आंधळा झाला, विहिरीत पडला. अश्विनीकुमारांच्या स्तुतीनं त्याला दृष्टी मिळाली. गुरूंची परीक्षा कठोर होती हे कुणीही म्हणेल. पण वासराच्या तोंडच्या फेसापर्यंत ज्यांनी हिशेब नेला, त्यांच्या वंशात आपण आहोत असं म्हणवतो.

म्हणून खालच्या मजल्यावरच्या त्या मुलीला संध्याकाळी मी बोलावलं तेव्हा उत्तर देताना मला सकाळइतका सोपा रस्ता दिसेना. पावडर उपासाला चालणार नाही, मका आहे, हे सांगितलं. जुन्या वचनात व्रत न मोडणाऱ्या गोष्टींच्या यादीत पाणी, मूळ, फळ, दूध यांच्याबरोबर औषधही येतं, तेव्हा दूध पोटाला सोसत नसेल तर पोटाचं आधी बघावं, हेही सांगितलं. नारळ उपासाला चालतो. ताजं खोबरं वाटून गाळलेलं दूध काढ, कॉफी थोडी निवू दे आणि मग घाल, फार उकळत्या कॉफीत ते फाटतं. तिनं माझ्यासमोर करून पाहिलं. तिला आवडलं.

मग तिनं विचारलं, "काकू, महादेवालाही नारळाचं दूध चालेल का मग?"

मीमांसेच्या हिशेबानं प्रतिनिधी तेव्हाच, जेव्हा मूळ वस्तू मिळत नाही. दूध तर गल्लीच्या तोंडाशी मिळतं, म्हणजे प्रतिनिधीचा प्रश्नच नाही, असं शास्त्राचा जाणकार म्हणेल. पण आईला फसवून काढलेलं दूध 'मिळालं' असं म्हणायचं का? द्रोणांनीही गाय शोधली ती धर्माला धरून मिळेल अशी. पैसे असते तरी त्यांनी भलती गाय घेतली नसती. माझ्या मते तसं दूध न मिळाल्यातच जमा आहे. हा माझा निर्णय. तो मी कुणावर लादत नाही, पण कुणी विचारलं तर लपवतही नाही. पुढच्या सोमवारी मी देवळात फक्त पाणी आणि बेल नेलं. गुरुजींनी दुधाचं विचारलं तेव्हा मी कारण सांगितलं. रांगेतल्या दोघी-तिघी ऐकत होत्या. गुरुजी थोडा वेळ थांबून म्हणाले, "ताई, मग ज्याच्या दारात रेडकू जिवंत आहे असा कुणीतरी शोधा की."

शोधला. बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या रस्त्याला एका शेतकऱ्याकडे दोन म्हशी आहेत, दोन्हींची रेडकं त्यांच्याच शेजारी बांधलेली असतात. तो म्हणाला, त्यांचं पिऊन होऊ दे, मग उरेल ते नेत जा. भाव त्यानं पिशवीच्या दुधापेक्षा जास्त सांगितला आणि मी घासाघीस केली नाही. कधी अर्धा लिटर मिळतं. कधी तो फोनवरच सांगतो, आज काही नाही, येऊ नका. त्या सोमवारी पाणी नेते.